सायकलीवरून सड्यावर
पंचगंगेच्या उगमाकडे जाणारे शांत रस्ते



उसाची लागण कधी करावी, खताचा हप्ता कधी द्यावा, खोडव्यात पाचट का ठेवावे, हे विषय या पानांवर नेहमी येतात आणि पुढेही येत राहतील. या खेपेस मात्र आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय सायकलीचा आहे. "सायकलीचा आणि साखर कारखान्याचा संबंध काय?" असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि शेवटापर्यंत वाचलेत तर तो आपल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत येऊन पोचतो, हे ध्यानात येईल.

एक काळ असा होता की गावात सायकल असणे म्हणजे घर सुधारले असे मानीत. लग्नात जावयाला सायकल देत. दुधाच्या किटल्या सायकलीवर, वैरणीचा भारा सायकलीवर, हायस्कूलला जाणारी पोरे तर एका सायकलीवर तीन-तीन. सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडी. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल परड्यात, वैरणीच्या आड गेली. आता शेतावर अर्धा मैल जायचे तरी किक मारावी लागते. गटातल्या एका जुन्या सभासदांना आम्ही सायकलीचे विचारले, तर ते हसून म्हणाले, "अवो, सायकल आता दोघंच चालवत्यात. एक ज्याच्याकडं पैसा न्हाई त्यो, आन् दुसरा ज्याला डाक्टरनं सांगितलंय त्यो!"

बोलणे गमतीचे, पण खरे आहे. ज्याला डॉक्टरांनी सांगितले आहे अशांची संख्या आपल्या सभासदांत वाढते आहे. रक्तातली साखर आणि रक्तदाब यांची चर्चा पूर्वी शहरात होई, ती आता चावडीवर होते. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दम लागेल इतपत हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण शेतकरी, आपल्याला वेगळी हालचाल कशाला, हे म्हणणे खुरपणी-भांगलण हाताने होती तोवर ठीक होते. आज मोटर मोबाईलवरून सुरू होते आणि नांगरट ट्रॅक्टर करतो.

पण नुसत्या प्रकृतीसाठी हा लेख नाही. आम्ही कार्यालयातले काही जण आणि काही सभासद गेली काही वर्षे सायकली घेऊन पश्चिमेकडे जातो. त्या रस्त्यांनी जे दाखवले ते सर्वांना सांगावे असे वाटले.

चार नद्या, चार वाटा

भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी अशा चार नद्या, आणि पाचवी गुप्त सरस्वती, मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. या चारही नद्या सह्याद्रीच्या माथ्याकडून येतात. आपला ऊस त्यांच्यावरच उभा आहे. राधानगरीच्या धरणाचे पाणी नदीतच सोडले जाते, ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडते आणि पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी ते उचलून फडात आणतात. आपली पाळी कधी येते एवढेच आपण पाहतो. पाणी जिथून निघते तिथे मात्र आपल्यातले फार थोडे जण सावकाश गेले असतील. जीपमधून गेले असतील, पण काच वर करून. सायकलीवर माणूस ताशी दहा-पंधरा किलोमीटरने जातो. त्या वेगात ओढ्याचा आवाज ऐकू येतो, मातीचा रंग कुठे बदलला ते कळते.

पहिली वाट भोगावतीची. कोल्हापूरहून राधानगरी सुमारे पन्नास किलोमीटर. हा टप्पा गजबजलेला आहे, कडेने ऊस, गुऱ्हाळे, शाळा, बाजार. नव्या माणसाने सायकल टेंपोत टाकून राधानगरीपर्यंत न्यावी आणि तिथून चालवायला सुरुवात करावी. फेजिवड्याला धरण लागते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले. महाराज १९२२ साली गेले, आणि काम पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. पाणी ठरावीक पातळीला आले की याचे सात दरवाजे माणसाचा हात न लागता आपोआप उघडतात. पुराच्या दिवसांत "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी आपण छातीवर हात ठेवून ऐकतो, ते हेच दरवाजे. त्या काळात एका राजाने शेतकऱ्याच्या पाण्याचा विचार केला. भिंतीसमोर सायकल लावून क्षणभर उभे राहिले की आपोआप हात जोडले जातात.

धरणापासून दाजीपूरकडे सुमारे तीस किलोमीटर. रस्ता जलाशयाच्या अंगाने वळत-वळत चढतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले आणि राज्यातले ते पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन आजचे साडेतीनशे चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारशात घेतली. त्यांत महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी. अभयारण्याच्या आतल्या वाटेला वन खात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ती बंद असते. सायकलवाल्याने डांबरी रस्त्यावरच राहावे. पुढे फोंड्याचा घाट कोकणात उतरतो. उतरायला मजा येते, पण चढून परत आपल्यालाच यायचे आहे, हे विसरू नये!

दुसरी वाट कासारीची. कोल्हापूर-रत्नागिरी हा हमरस्ता आता सायकलीच्या कामाचा राहिलेला नाही. आंबा गाव गाठावे आणि तिथून विशाळगडाकडे वळावे. वीस-पंचवीस किलोमीटरचा हा रस्ता झाडीतून जातो, मध्येच उघड्या सड्यावर येतो, पुन्हा झाडीत शिरतो. वाटेत पावनखिंड आहे. १६६० च्या जुलैत, भर पावसात, शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले ते याच मुलखातून. बाजीप्रभूंची कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पण आषाढातला तो चिखल, तो चढ आणि ते धुके अंगावर घेतल्याशिवाय त्या रात्रीचे मोल कळत नाही. आम्ही डांबरी रस्त्याने, दिवसाउजेडी, गिअरच्या सायकलीवर गेलो तरी धाप लागली. ते लोक पालखी खांद्यावर घेऊन रात्री पळत होते.

तिसरी वाट कळ्याहून बाजारभोगाव आणि पुढे अणुस्कुऱ्याकडे. तिन्हींत शांत आम्हांला हीच वाटली. बाजारभोगावच्या पुढे खोरे अरुंद होत जाते. उसाचे फड मागे पडतात, भाताची खाचरे आणि नाचणी सुरू होते. घरे विरळ, माणसे बोलकी. "कुठनं आलासा? च्या घेऊनच जावा," असे दोन-तीन ठिकाणी तरी होणारच, तेवढा वेळ हिशेबात धरावा.

चौथी वाट कुंभीच्या काठाने गगनबावड्याची, सुमारे पंचावन्न किलोमीटर. देखणी आहे, पण कोकणात जाणाऱ्या मोठ्या गाड्यांची आहे. या रस्त्याला जायचे तर पहाटे निघावे आणि ऊन तापायच्या आत पोचावे. कोल्हापूर शहराला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एवढ्याशा अंतरावर गगनबावड्याला पाच हजारांच्या वर. एका दिवसाच्या सायकलीत पाऊसमान पाच पट बदलते, असा मुलूख जवळ असताना आपण थंड हवेसाठी लांब कशाला जावे?

सडा म्हणजे काय

झाडी संपून वर आले की एकदम मोकळे रान लागते. सपाट, काळपट-तांबडा जांभा दगड, वर वीतभरसुद्धा माती नाही, झाड नाही, नुसते गवत आणि वारा. याला आपण सडा म्हणतो, कुठे पठार म्हणतो. पन्हाळ्याजवळचे मसाई, साताऱ्याकडचे कास आणि चाळकेवाडी ही याच जातीची. उन्हाळ्यात पाहिले तर कोणी म्हणेल, ओसाड माळ, कशाच्या कामाचा? खातेउताऱ्यावरही बहुतेक ठिकाणी त्याची नोंद पोटखराब किंवा पड अशीच.

पण हाच सडा भाद्रपद-आश्विनात पाहावा. दगडाच्या खळग्यांत पाणी साठलेले असते आणि सगळीकडे बारीक फुलांचे गालिचे. पांढरे गेंद, निळी सीतेची आसवे, पिवळी सोनकी. दवबिंदू नावाची एक चिमुकली वनस्पती आहे, ती चिकट केसांनी किडे धरून खाते, कारण या मातीत नत्र नाही. आपण पिकाला युरिया देतो, ती आपला नत्र किड्यांतून मिळवते! टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते.

आणि शेतकऱ्याने मुख्य पाहायचे ते पुढेच आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. आषाढ-श्रावणाचे पाणी तो पिऊन घेतो आणि सड्याच्या कडेखाली झऱ्यांनी हळूहळू सोडतो. त्या झऱ्यांवर वाड्या-वस्त्या जगतात आणि ओढे वाहते राहतात. धरण ही माणसाने बांधलेली टाकी. सडा आणि त्याखालचे जंगल ही त्याआधीची टाकी. तिला ना सिमेंट, ना दरवाजे, ना दुरुस्तीचे टेंडर. शाहूवाडी-राधानगरी भागातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. जिथे खाण झाली तिथला दगड उचलला गेला, तो पुन्हा घडायला मानवी आयुष्ये पुरणार नाहीत. शिवाय दर फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात. कोणी चांगले गवत येईल म्हणून लावतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो. पाचट जाळू नये हे आपण आता कुठे शिकलो. डोंगर जाळू नये हेही त्याच पाठातले आहे, कारण पाणी एकच आहे.

गवा आणि ऊस

जंगलाच्या कडेला ज्यांचा ऊस आहे, त्यांचे दुखणे आम्हांला ठाऊक आहे. रात्रीत कळप येतो आणि वर्षाचे पीक तुडवून जातो. पंचनाम्याला आणि भरपाईला किती हेलपाटे पडतात ते त्यांनाच विचारावे. जंगलाच्या शेंड्यापर्यंत आपण उसाचे हिरवे रान नेले, तेव्हा गव्याच्या दृष्टीने ते रान आणि हे रान यांत फरक राहिला नाही. २०२१ च्या डिसेंबरात गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आला, हे सर्वांना आठवत असेल. तेव्हा गर्दी, आरडाओरडा आणि मोबाईलचे फोटो यांनी प्रसंग आणखी वाईट केला.

सायकलवाल्यांनी एवढे पाळावे : गवा दिसला की लांबच थांबावे, घंटी वाजवू नये, ओरडू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये. त्याला रस्ता ओलांडू द्यावा. एकटा नर असेल तर जास्तच सांभाळावे. दिवस मावळायच्या आत जंगलाबाहेर पडावे.

सायकल कशी असावी

नवी महागडी सायकल हवीच असे नाही. पण घाटाला गिअर लागतो, हे मात्र खरे. त्याचा हिशेब ट्रॅक्टरवाल्याला लगेच कळेल. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला उत्तम, घाटात गुडघ्याचे कंबरडे मोडते. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ आणि मागे ३२ दाते घेतले, तर एका फेऱ्यात चाक एक वेळही पुरे फिरत नाही. गती कमी, पण ओढ हलकी. भरलेली ट्रॉली आपण चढाला लो गिअरमध्ये घेतो, तसेच हे. साधीच सायकल असेल तर लाज न बाळगता उतरावे आणि ढकलत न्यावी. आम्हीही अनेकदा ढकलली आहे.

ब्रेकचे रबर निघण्यापूर्वी पाहावे, कारण चढताना माणूस फार तर दमेल, उतारावर मात्र जिवाशी गाठ आहे. पंक्चरचे सामान, हातपंप, जादा ट्यूब, डोक्याला हेल्मेट आणि मागे लाल दिवा एवढे असावे. पाणी भरपूर घ्यावे. खाण्याला आपल्या घरचेच उत्तम : भाकरी-चटणी, भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. लांबच्या चढाला शरीराला ताशी तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्ट लागते, असे क्रीडा-आहाराचे जाणकार सांगतात. खिशात गूळ ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने तोंडात टाकावा. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच निघावे. आमच्या भरवशावर निघू नये.

वेळ म्हणाल तर दसरा-दिवाळीच्या आसपासचे दिवस सर्वांत चांगले. पाऊस उघडलेला, सडा फुललेला, आडसालीची लागण उरकलेली आणि गळीत हंगाम सुरू व्हायचा असलेला. हंगामात जावे की न जावे, याचे उत्तर पुढच्या भागात आहे, आणि ते आपल्याच हाती आहे.

आता ट्रॉलीच्या मागच्या फळीविषयी

शांत रस्त्यांची एवढी वर्णने केली. पण पट्टा सुरू झाला की आपल्या भागातला एकही रस्ता शांत राहत नाही, आणि तो अशांत करणारे आपणच आहोत. ऊस आपला, तोडणी-वाहतूक आपली, ट्रॅक्टर बहुतेक आपल्याच घरातला. तेव्हा हे बोलणे कुणा परक्याला नाही.

रात्री सायकलीवरून जाणाऱ्याला काय दिसते ते सांगतो. पुढे डबल ट्रॉली उभी आहे. ॲक्सल मोडला म्हणून ड्रायव्हर गावात गेला आहे. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला किंवा मुळातच नाही. अंधारात ती ट्रॉली दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही. मोटारसायकलवाल्याला तर तेवढाही वेळ मिळत नाही. दर हंगामात अशा बातम्या आपण वाचतो आणि "बिचारा" म्हणून पान उलटतो. बैलगाडी आणि अंगद यांची तीच कथा. पहाटे चारला निघालेल्या गाडीला ना दिवा, ना लाल पट्टी.

दुसरी गोष्ट दगडाची. ट्रॉली बंद पडली की चाकाला दगड लावतात. दुरुस्ती झाली की ट्रॉली निघून जाते आणि दगड भर रस्त्यात तसाच राहतो. तिसरी गोष्ट सांडलेल्या उसाची. पहाटेच्या दवात डांबरावर पडलेल्या कांडीवरून सायकलीचे चाक सरकते, ते सावरता येत नाही. चौथी गोष्ट ट्रॅक्टरवरच्या मोठ्या आवाजाची. ड्रायव्हरला मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही आणि कडेने जाणारी शाळकरी मुलगी दचकून खाली पडते.

या रस्त्यांवर हौसेने सायकल चालवणारे आम्ही थोडे. पण गरजेने चालवणारे पुष्कळ आहेत. हायस्कूलला जाणाऱ्या मुली आहेत, पाळी संपवून परतणारे आपलेच कामगार आहेत, दूध घालायला जाणारे म्हातारे आहेत, फडातून अड्ड्यावर परतणारे तोडणी मजूर आहेत. त्यांना रस्ता निवडता येत नाही. आम्ही हंगामात सायकल घरी ठेवू शकतो, ते नाही ठेवू शकत.

म्हणून आमची विनंती साधी आहे. हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या, अंगदच्या आणि बैलगाडीच्या मागे रिफ्लेक्टर आणि रेडियमची लाल पट्टी लावावी आणि उसाचे वाढे त्यावर लोंबणार नाहीत असे बांधावे. कायद्यानेही हे लागते, पण कायदा नसता तरी लावले असते, असे आपण म्हणू शकलो पाहिजे. ट्रॉली बंद पडली तर मागे पन्नास पावलांवर फांदी किंवा दिवा ठेवल्याशिवाय ड्रायव्हरने जागा सोडू नये. चाकाचा दगड ज्याने ठेवला त्यानेच उचलावा. क्षमतेपेक्षा जास्त भरू नये. चार मोळ्या जास्त गेल्याने बिलात पडणारा फरक आणि रस्त्यात पडणारा ऊस यांचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. एका पट्टीचा खर्च एका मोळीच्या किमतीएवढाही होत नसेल.

गाडी भरली की मालक तिच्याभोवती एक फेरी मारतोच, दोर आवळलाय का ते बघायला. त्याच फेरीत मागच्या फळीवर एक हात फिरवावा, लाल पट्टी उघडी आहे का ते पाहावे. काम दहा सेकंदांचे आहे.

येत्या हंगामाआधी, पावसाने उघडीप दिली की, आम्ही पुन्हा राधानगरी ते दाजीपूर जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. परड्यातली सायकल बाहेर काढावी, चेनला तेल घालावे, ट्यूब बदलावी. बायकांनी आणि पोरींनीही यावे, त्यांच्यासाठी वेग कमी ठेवू असे आम्ही म्हणत नाही, कारण मागच्या खेपेला पुढे त्याच होत्या. ज्या पाण्यावर आपला ऊस, आपला कारखाना आणि आपली घरे उभी आहेत, ते पाणी निघते कुठून, हे एकदा तरी आपल्या पायांनी जाऊन पाहू या.